पापणीखालची सावली

पन्नाशी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. चष्म्याच्या दुकानात ती गिऱ्हाइकांच्या नाकाकानांवर फ्रेम नीट बसवून द्यायची. दिवसभर चेहऱ्यांशीच गाठ, पण एखादा चेहरा रंगवावा असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. मग अण्णांना, तिच्या वडिलांना, आजार जडला. आधी हात थरथरू लागले, मग चेहरा ताठरायला लागला. "हे हळूहळू वाढत जाणार," डॉक्टर म्हणाले.

अण्णा म्हणजे गल्लीतला सगळ्यात चेष्टेखोर माणूस. विनोद अजूनही करायचे, पण ओठ जेमतेम हलायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, रागावलेत.

फोटो होते, पण कॅमेऱ्यासमोर अण्णा कायम पकडलेल्या चोरासारखे उभे. हसू पुरतं जायच्या आत त्यांना रंगवायचं, असं धाकटीनं मनाशी ठरवलं आणि चित्रकलेच्या एका निवृत्त सरांकडे रविवारची शिकवणी लावली.

सरांनी तिच्यापुढे एका जुन्या तैलचित्राची छापील प्रत ठेवली. काही शतकांपूर्वीचा, टोपी घातलेला म्हातारा.

"आधी याची नक्कल. हा जमला की वडील."

"सर, माझ्याकडे वेळ नाहीये हो."

"ते तेलरंगाला सांग."

रंग कुठला ऐकतोय! आधी सगळा चेहरा नुसत्या तपकिरीत, उजेड आणि सावली एवढंच. तो आठवडाभर सुकला की मग कातडीचे रंग, एकावर एक थर. मधल्या दिवसांत ती घरी अण्णांचा चेहरा न्याहाळत बसे. काल डावा गाल हलत होता ना? मग आज का नाही हलला? एकदा जेवताना अण्णा वैतागले, "काय गं, तोंडाला काही लागलंय का माझ्या?"

एका रविवारी तिला राहवेना. ओल्या थरावरच तिनं गुलाबी चढवला आणि म्हाताऱ्याच्या गालाचा चिखल झाला. मग ती चिडून ओठ दुरुस्त करत सुटली. हसू काही येईना, म्हाताऱ्याची दाढ दुखतेय असंच दिसायला लागलं. सरांनी तिच्या हातात सुरी दिली. "खरवड."

खरवडता खरवडता तिला रडू फुटलं. "माझे अण्णा दगड होत चाललेत सर, आणि मी या परक्याचे गाल घासत बसलेय!"

सरांनी छापील म्हाताऱ्याचं तोंड अंगठ्यानं झाकलं. "आता बघ. हसतोय का?"

हसत होता. खालच्या पापणीपाशी कातडी किंचित वर उचललेली, तिच्याखाली मऊशी सावली. बस, एवढंच. ती सावली उतरवायला धाकटीला पुढचे कितीतरी रविवार लागले.

अण्णांना खिडकीशी बसवलं तोवर त्यांचं तोंड पार ताठरलं होतं. तिनं ब्रश उचलला. उशीर झाला का?

"टक्कल जपून रंगव," अण्णा पुटपुटले, "ब्रश घसरेल."

ओठ जागचे हलले नाहीत. पण पापणीखालची कातडी उचलली गेली. क्षणभरच. "अण्णा, अजून काहीतरी बोला," ती घाईघाईनं म्हणाली, आणि त्यांना बोलतं ठेवत रंगवत राहिली.

पुरं झालेलं चित्र अण्णांनी बराच वेळ पाहिलं. "कान फार मोठे केलेस."

"आहेतच मोठे. कानांबद्दल मला सांगू नका."

पुढच्या वर्षी त्यांचं बोलणंही थांबलं. सांभाळायला आलेल्या मावशी पहिल्या दिवशी बिचकूनच होत्या. "आजोबा फार कडक दिसतात हो." धाकटीनं त्यांना भिंतीवरच्या चित्रापाशी नेलं आणि पापणीखाली बोट ठेवून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून आली, तर मावशी अण्णांना आपल्या नवऱ्याचं घोरणं करून दाखवत होत्या आणि मध्येच वाकून त्यांच्या डोळ्यांखाली बघत होत्या. धाकटी चप्पल न काढताच दारात थांबली.

"हललं?"

"हललं की!" मावशी म्हणाल्या. "दोनदा."