भिंत तासभर उभी राहिली

आगीत घातलेली भिंत किती वेळ टिकते, हे बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. काशीत राहून लाकूड जाळायचा पगार घेतो म्हणून नातेवाईक चेष्टा करायचे. करोत बापडे.

ही गेल्यावर दुर्गाघाटच्या घरात मी एकटा उरलो. पुण्याच्या मुलीला सुट्टीत येऊन राहता यावं म्हणून गच्चीवर एक खोली चढवायचं मी मनात घेतलं. विटांचं ओझं जुन्या घराला झेपणार नव्हतं. म्हणून भिंती लाकडाच्या, फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून केलेल्या, वरचं छप्पर पेलणाऱ्या.

मुलगी फोनवर म्हणाली, “लाकडाची खोली? बाबा, तुमच्या गल्लीत धड रिक्षा शिरत नाही, बंब कुठून यायचा?”

माझं डोकंच फिरलं. जन्मभर हेच केलेल्या माणसाला ही शिकवणार! म्हटलं, थांब, दाखवतोच.

निवृत्तीआधीची ती माझी शेवटची चाचणी. प्रयोगशाळेत तसलीच भिंत उभी केली, वरून छपराइतका भार दिला आणि एका बाजूने भट्टी पेटवली. बघणाऱ्याला वाटतं, लाकूडच ते, भकाभका जळेल. कसलं काय! वरचा थर जळून कोळसा होतो आणि तोच आतल्या लाकडाला झाकून धरतो. धाकधूक एवढीच, की थरांमधला डिंक सुटला तर कोळसा गळून पडतो आणि आतलं कोरं लाकूड आगीच्या तोंडी जातं.

तास भरला. भिंत जराशी वाकली, पण पडली नाही. मागच्या बाजूला तळहात टेकवला तर नुसती कोमट. मी तिथूनच फोन लावला.

“तासभर उभी राहिली, अगं! तेवढ्यात माणूस घरातून निघून पार मुन्शी घाटापर्यंत चालत जाईल.”

ती म्हणाली, “बाबा, मी काय, वर्षातून चार दिवस येणार. एरवी तुम्ही कानातलं मशीन काढून झोपता. भिंत राहील हो उभी. तुम्हाला उठवणार कोण?”

मी फोन ठेवला. इतक्या भिंती जाळल्या, पण पलीकडे कोणी एकटं झोपलंय, हे आम्ही कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

पूर्वी आई शेजारच्या काकूंना बोलवायला सामाईक भिंतीवर उलथन्याने तीनदा ठोकायची, की पलीकडून लगेच ठोका यायचा. आता काकूंच्या घरात गेस्ट हाऊस आहे. त्या संध्याकाळी मी उलथनं घेतलं आणि ठोकलं. काही नाही. आणि ठोका आला असता तरी मला ऐकू गेला असता का, कोण जाणे. फार एकटं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग खाली उतरलो आणि घराची दुसरी किल्ली गेस्ट हाऊसच्या मॅनेजरबाईंपुढे ठेवली.

“बाहर जा रहे हैं, बाबूजी?” त्यांनी विचारलं. “कब तक?”

“कहीं नहीं,” मी म्हणालो. “यहीं हूँ.”