चंद्राच्या पदराची कार्डं

आमच्या दिपालीसारखी शिकवणारी अख्ख्या वडगावात न्हाय, हे मी छातीठोक सांगीन. आणि तिच्यासारखी येडीबी न्हाय. मी तिची आत्या, यशोदा. मी न्हाय बोलणार तर कोण बोलणार?

कॉलेजात पोरांना प्रोग्रामिंग शिकवते ती. खानापूरकडची पोरं, इंग्लिश पुस्तक उघडलं की त्यांची तोंडं उतरायची. मग हिनं स्क्रीनवर विणकराचा मागच उभा केला. चौकोन दाबला की धागा वर उठतो, न्हाय दाबला तर खाली राहतो. एकेक ओळ भरत गेली की नक्षी तयार. पोरांनी स्वतः दाबायचं, चुकायचं, आणि चूक डोळ्यांनी बघायची. लोंढ्याहून रेल्वेनं येणारी एक पोरगी वर्षभर वर्गात गप्प बसायची, ती म्हणे त्या स्क्रीनपुढं मोठ्यानं हसली. "आत्या, दिसलं की कळतं गं," दिपाली म्हणायची.

हे सगळं तिनं बापाकडनं उचललं. माझा थोरला भाऊ, सुबराव अण्णा. त्यानं जन्मभर जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवायची, कार्डं पाडली. पुठ्ठ्याच्या पट्टीला भोक असलं की धागा उठतो, नसलं की न्हाय. एक पट्टी म्हणजे आडवा एक धागा. अशा शेकडो पट्ट्या दोरीनं ओळीत ओवल्या की पदर होतो. दुसऱ्याच्या मागावर जाणाऱ्या गठ्ठ्यावर अण्णा आकडे घालायचा. घरच्या गठ्ठ्यावर कशाला घालील? ओवलेली दोरी हाच त्याचा आकडा.

घरचा गठ्ठा एकच होता. दिपालीची आई, चंद्रा, आजारात अंथरुणावर बसून कागदावर एक वेल काढत होती. वेडीवाकडी, मनाला येईल तशी. अण्णानं त्याची कार्डं पाडली. एकच साडी विणली, आणि ती चंद्राबरोबर सरणावर गेली. कागद वाळवीनं खाल्ला. दिपाली तेव्हा सहा वर्षांची. आईच्या हातचं म्हणून जगात तेवढी तीनशेवर कार्डं राहिली.

चार वर्षांमागं पोरांना क्रम लावायला शिकवायचं होतं. दिपालीबाई माळ्यावर चढली. बाकीचे गठ्ठे तेलानं माखलेले, एकच स्वच्छ. का स्वच्छ, हे विचारायचं सुचलं न्हाय. आकडे असणारच म्हणून बघितलं न्हाय. वर्गात दोरी कापली, साठ पोरांना कार्डं वाटली आणि म्हणाली, "लावा क्रमानं!"

संध्याकाळी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. तोंड पांढरंफटक. एकाबी कार्डावर आकडा न्हवता, आणि गठ्ठा नेमका चंद्राचा. मी लई बोलले तिला. नको नको ते बोलले, अजून जीव तुटतो. अण्णा एवढंच म्हणाला, "गप गं यशोदा. लावतो मी."

पण अण्णाचं डोकं तेव्हाच दगा द्यायला लागलं होतं. वीस कार्डं लावायचा, एकविसावं हातात धरून बसायचा. मग दिपालीनं प्रत्येक कार्ड स्क्रीनवर घेतलं. बोटानं ओळ सरकवली की वेल लगेच बदलायची. कॉम्प्युटरला सांगून बघितलं, तर त्यानं ढीगभर वेली काढून दिल्या. सगळ्या जुळणाऱ्या. खरी कुठली, ते अण्णालाच ठाऊक.

रोज दुपारी बापलेक बसायची. एक दिवस अण्णानं शेवटची ओळ सरकवली आणि म्हणाला, "ही बघ. तुझ्या आईची." दिपाली रडत रडत माझ्याकडं पळत आली. मी गूळ वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यानं परत सगळं मोडून लावलं. वेल निराळीच. "ही बघ. तुझ्या आईची." तेवढ्याच खात्रीनं, तेवढंच हसून. अशा अकरा वेली झाल्या. प्रत्येक वेळी पोर "व्हय अण्णा" म्हणायची आणि जपून ठेवायची. गेल्या श्रावणात अण्णा गेला.

तेराव्याला पाहुणे पांगले तशी दिपाली माझ्यापुढं स्क्रीन घेऊन बसली. अकराच्या अकरा दाखवल्या. "आत्या, ती साडी बघितलेलं आता तुझ्याशिवाय कुणी न्हाय. यातली कुठली गं?"

मी एकेक बघितली. परत बघितली. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता.

सातवीवर मी बोट ठेवलं. "ही."

"नक्की?"

"व्हय गं. डोळ्यांम्होरं हाय माझ्या."

माझ्या मांडीत डोकं खुपसून पोर अशी रडली, की चार वर्षं कोंडलेलं सगळं बाहेर आलं. आता नव्या पोरांना ती हीच वेल दाखवते. "माझ्या आईनं काढलेली," म्हणून सांगते. मी ऐकते आणि मान खाली घालते.

चंद्राला ती साडी मीच नेसवली होती, ह्या हातांनी. पण माझी नजर तिच्या तोंडावरच होती हो. पदराकडं मी बघितलंच न्हाय.