आजीचं नऊ

चाकणच्या त्या कारखान्यात माझं काम एवढंच होतं, की जर्मन साहेब बोलतील ते मराठीत सांगायचं आणि फिटर बोलतील ते जर्मनमध्ये. दिवसभर मी दोन्हीकडची वाक्यं बोलायचे. माझं स्वतःचं वाक्य दिवसात एखादंच असायचं, तेही बहुधा निगडीच्या मेसवाल्या काकूंशी. "आज भात नको."

मी लातूरकडच्या एका लहान गावातली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. शाळेतल्या एका बाईंनी हट्ट धरून मला पुण्याला पाठवलं, माझा जर्मनचा फॉर्म स्वतः भरला. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पण पुण्यातल्या पहिल्याच आठवड्यात मला आणखी एक धडा मिळाला. वसतिगृहाच्या खालच्या मजल्यावरून मैत्रिणीने हाक मारली आणि मी वरून ओरडले, "थांब, येऊ लाले." सगळा जिना हसला. तिने प्रेमानेच समजावलं, "येऊ लाले नाही गं, येतेय म्हणावं." मी चांगली विद्यार्थिनी होते. महिन्याभरात मी सगळं दुरुस्त केलं, आणि मग दुरुस्त केलेलंच राहिलं. घरी फोन केला की आई म्हणायची, "तू तर टीव्हीतल्या बाईवाणी बोलू लालीस." मला ते कौतुकच वाटायचं.

साहेब पासष्टीचे होते. मोठं प्रेस मशीन बसवायला तीन महिन्यांसाठी आले होते, आणि हे त्यांचं शेवटचं मशीन होतं. पुढे निवृत्ती. निगडी प्राधिकरणातल्या एका फ्लॅटमध्ये ते एकटेच राहत. सकाळी कंपनीची गाडी त्यांना घेऊन निगडीच्या बसस्टँडपाशी यायची, तिथे मी चढायचे आणि तळवड्याच्या गर्दीतून आम्ही चाकणला जायचो. गाडीत बोलणं फार नसायचं. एकटं राहणाऱ्या दोन माणसांना सकाळी बोलायची घाई नसते.

मशीनच्या पायाला बारा मोठे बोल्ट होते. ते एकदम आवळायचे नसतात. समोरासमोरचे थोडे थोडे, तीन फेऱ्यांत, आणि पुढे रोज पुन्हा तपासायचे. प्रत्येक बोल्टला पाना लागला की साहेब मोठ्याने आकडा म्हणायचे. जर्मन नव्हे, वेगळेच आकडे. उन, दुस, त्रेस, कात्रे… सेत, वेच, आणि मग स्पष्ट, खणखणीत "नऊ".

पहिल्या दिवशी सगळे फिटर थांबले. त्यांच्यातले सर्वांत जुने मामा कारखान्याजवळच्याच म्हाळुंग्याचे, तिथेच जन्मलेले. ते मला म्हणाले, "मॅडम, साहेब नऊ म्हणलं का?"

"तसंच ऐकू आलं मला पण."

"मंग आठ कामून नीट नाही म्हणत?" हे विचारणारा परभणीकडचा एक फिटर होता.

"आरं, एकेक शिकत्यात," मामा म्हणाले. "तू कंपनीत लागला तवा तुला तरी धड पाना धरता येत व्हता का?"

तेव्हापासून तो खेळच झाला. साहेब आठव्या बोल्टपर्यंत आले की सगळे कान टवकारायचे आणि नवव्याला एका सुरात म्हणायचे, "नऊ." साहेबांना त्याचं कारण मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत राहिले. मग जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनच्या स्टीलच्या ताटातली आमटी बाजूला सरकवून, त्यांनी मला त्या आकड्यांची गोष्ट सांगितली.

त्यांचं घराणं मुळात फ्रान्समधलं. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथल्या राजाने त्यांच्या पंथावर बंदी घातली. प्रार्थनाघरं पाडली, पाद्री हाकलले, बाकीच्यांना देश सोडायलाही मनाई. तरी लोक डोंगरांतून लपतछपत निघाले. साहेबांचे पूर्वज असेच चालत जर्मनीतल्या एका खेड्यात पोचले. तिथे त्यांना जमीन मिळाली, चर्च बांधायची परवानगी मिळाली. आधी चर्चमध्ये प्रवचन त्यांच्या भाषेत व्हायचं, मग ते थांबलं. मग घरातलं बोलणं थांबलं. आडनाव राहिलं, तेही गावाने आपल्या पद्धतीने वाकवून घेतलं. साहेबांच्या वाट्याला आजीकडून आले ते फक्त बारा आकडे. आजी अंडी टोपलीत ठेवताना मोजायची आणि नातवाला तिच्या मागून म्हणायला लावायची.

"मला फ्रेंच येत नाही," ते म्हणाले. "पण आयुष्यभर मी बोल्ट असेच मोजले. आता नात सहा वर्षांची झाली आहे. रविवारी फोनवर तिला शिकवतो. सहापर्यंत आली. माझ्या मुलाला यात रस नाही. म्हणजे आता ती, किंवा कोणीच नाही."

इथे मी जे केलं ते आजही मला बोचतं. मी जर्मनबरोबर फ्रेंचच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, चांगल्या मार्कांनी. मला वाटलं, या भल्या माणसाला आपली काही मदत होईल. मी म्हणाले, "साहेब, फ्रेंचमध्ये आठला वित म्हणतात आणि नऊला नफ. तुमचे काही आकडे थोडे चुकताहेत." आणि चेकलिस्टच्या पाठीमागे एक ते बारा आकडे सुवाच्य अक्षरात लिहून दिले.

त्यांनी कागद वाचला. "म्हणजे आजी चुकीचं शिकवत होती?"

"चुकीचं असं नाही," मी म्हणाले. "इतक्या वर्षांत बिघडलं असेल."

'बिघडलं' यासाठी जर्मनमध्ये मी जो शब्द वापरला, तो नासलेल्या दुधालाही वापरतात. त्यांनी माझे आभार मानले, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोल्ट जर्मनमध्ये मोजले. फिटर नवव्याला तोंड उघडून थांबले आणि तसेच राहिले.

"साहेब रुसलं का काय?" मामांनी विचारलं.

"नाही हो."

"मंग नऊ का नाही म्हणलं? तुमी काय बोललात का त्यांना?"

मी म्हणाले, आकडे चुकत होते, मी सांगितलं. मामांनी पाना पुसून खाली ठेवला. "मॅडम," ते म्हणाले, "बोल्ट तर बरोबर बसत व्हते."

पुढचे दहा-बारा दिवस साहेब कामापुरतंच बोलले. रागावले नव्हते, सभ्यपणे शांत झाले होते. सकाळी गाडीत ते खिडकीबाहेर पाहत बसायचे आणि मला वाटायचं, आपण कोणाच्या तरी घरातली एकुलती एक वस्तू पुसायला घेतली आणि तिच्यावरची अक्षरंच पुसून टाकली. शेवटी मी पुण्याला माझ्या फ्रेंचच्या बाईंना फोन केला, साहेबांच्या घराण्याची गोष्ट सांगितली आणि साहेब म्हणायचे तसे आकडे त्यांना म्हणून दाखवले.

बाई नवव्या आकड्याला मला थांबवून म्हणाल्या, "परत म्हण."

"नऊ."

"अगं, हे बिघडलेलं फ्रेंच नाही. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत लोक घरी वेगळीच भाषा बोलत. तिच्यात नऊला असंच म्हणतात. ते लोक तिकडूनच निघाले असणार. फ्रेंच त्यांना चर्चपुरतं, आजीचे आकडे घरातल्या भाषेतले आहेत." मग जरा थांबून म्हणाल्या, "तू दुरुस्त केलंस की काय?"

मी हो म्हणाले.  

साहेबांच्या जाण्याला तीन दिवस उरले होते. शनिवारी सकाळी, तळवडे चौकात गाडी अडकलेली असताना, मी त्यांना सगळं सांगितलं. जर्मनमध्ये क्षमा मागायची वाक्यं मला पाठ होती, पण त्या वेळी व्याकरण सुटलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या टेम्पोकडे पाहत म्हणाले, "मी तिला सांगून टाकलं. मागच्याच रविवारी. माझ्या आजीचे आकडे चूक होते, हे बरोबर आहेत, म्हणून तुमचा कागद वाचून दाखवला. तिने लगेच पाठ केले."

गाडी हलली. 

त्या दुपारी बोल्टची शेवटची तपासणी होती. साहेबांनी मशीनपाशी उभं राहून घरी फोन लावला. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, त्यामुळे चेहरा दिसणार नव्हता, आवाजच. त्यांनी स्पीकर लावून फोन मशीनच्या पायावर ठेवला. "माझ्या मागून म्हण," ते नातीला म्हणाले आणि पहिल्या बोल्टला पाना लावला.

"उन."

"उन," फोनमधून आलं.

सातपर्यंत ठीक चाललं; सहापर्यंतचे तिला जुनेच पाठ होते, आणि सात दोन्हीकडे सारखंच. आठला ती म्हणाली, "वित." साहेब "वेच" म्हणाले. मग नवव्याला त्यांच्यासोबत सगळ्या फिटरांनी मोठ्याने म्हटलं, "नऊ."

 फोनमधून तो लहानसा आवाज म्हणाला, "आजोबा, ते चूक आहे. तूच म्हणालास." फिटरांना ते कळलं नाही. ते हसत होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन माझ्यासमोर धरला. "तुम्ही सांगा."

मी म्हणाले, "ते मी चूक सांगितलं होतं. आजोबांच्या आजीचं नऊ बरोबर आहे. तिची माणसं जिथून आली तिथे असंच म्हणतात."

"तू कोण आहेस?"

"मी आजोबांचं बोलणं इथल्या लोकांना सांगते."

तिने थोडा विचार केला. "मग मी कुठलं म्हणू?"

 साहेबच खाली वाकून म्हणाले, "शाळेत शिकशील तेव्हा ते म्हण. माझ्याशी हे म्हण."

"बरं," ती म्हणाली. आणि मग जरा अडखळत, "नऊ."

साहेबांनी लगेच दहावा बोल्ट घेतला नाही. पाना हातात तसाच होता.

संध्याकाळी गाडीने मला निगडीला सोडलं. बसस्टँडच्या कठड्यापाशी उभी राहून मी घरी फोन केला. शाळेत ते, माझ्याशी हे. इतकं सोपं मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मी कोणाला विचारलंही नव्हतं.

"काय करू लालीस?" आईने नेहमीसारखं विचारलं.

मी मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "काय नाही माय, कामावून आले, आता खोलीकडं चालू लाले."

 मागे कोणती तरी बस सुटत होती.

"का गं," आई हळूच म्हणाली, "थट्टा करू लालीस का माझी?"

"नाही," मी म्हणाले. "नाही माय."

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजावरून मला कळलं, तिला ते पटलं नव्हतं. मग तिने मी जेवले का ते विचारलं, आणि मी सांगितलं, अजून नाही.