दणक्या, त्याचा अल्बम आणि रात्रपाळीची सिस्टर

बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्याचा चेहरा कोणाच्या लक्षात राहत नाही. दणक्याला हे वीस-बावीस वर्षांत पुरतं कळून चुकलं होतं. कार्यक्रम संपला की लोक स्टेजवर चढायचे, गायकाच्या खांद्यावर हात टाकायचे आणि आपला फोन दणक्याच्या हातात द्यायचे. "दादा, एक फोटो काढता का?" दणक्या काढायचा. चांगला काढायचा, कोणाचं डोकं कापायचा नाही.

त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण ते बँकेखेरीज कोणी वापरत नसे. शाळेत बाक बडवायचा म्हणून गायकाने त्याला दणक्या म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. गायक आणि तो एकाच बाकावरचे. बँड दोघांनी मिळून काढला. कॉलेजची संमेलनं, कंपन्यांच्या पार्ट्या, लग्नाचे हॉल, असं त्यांचं बरं चाललं होतं. एक गाणं तर काही वर्षांपूर्वी गावभर वाजलं होतं. ते गायकाचं म्हणून वाजलं.

बँडवर घर चालत नाही, म्हणून दणक्या दिवसा मेहुण्याच्या गाद्यांच्या दुकानात असायचा. मेहुणा वयाने लहान आणि दुकानाचा मालक. त्यामुळे तो मान आणि काम एकाच वाक्यात द्यायचा. "भावोजी, जरा ती डबल बेडची वर चढवता का?" भावोजी चढवायचे.

दणक्या गाणी करायचा, हे फार थोड्यांना माहीत होतं. गादी गुंडाळताना, टेम्पोत बसून माल पोचवायला जाताना त्याच्या डोक्यात ओळी जुळायच्या. त्यातलं एक त्याने गायकाला ऐकवलंही होतं. गायक म्हणाला, "भारी आहे रे. पुढच्या वेळी घेऊ." तो काही वाईट माणूस नव्हता. खरोखरच त्याला पुढच्या वेळी घ्यायचं होतं. पण ती पुढची वेळ कधी आली नाही. आठवण करून द्यायची दणक्याला लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून रागही साठत गेला.

शेवटी पंचेचाळिशी उलटल्यावर त्याने ठरवलं, आपणच करायचं. दुकानाच्या मागे गोदाम होतं. चारी भिंतींना छतापर्यंत स्पंजच्या गाद्या लावलेल्या. तिथे टाळी वाजवली तरी आवाज जागच्या जागी विरून जायचा. रेकॉर्डिंगला याहून चांगली खोली कुठे मिळणार? बँडमधल्या बास गिटारवाल्याकडून त्याने माइक आणला. सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून घ्यायचं आणि आत ड्रम, गिटार, गाणं, सगळं एकट्याने. तीन-चार महिन्यांत आठ गाणी झाली. अल्बमचं नाव ठेवलं 'मागून'.

त्याचा आवाज वाईट नव्हता. साधा होता. फक्त वरच्या पट्टीत जाताना जिन्यात ठेच लागावी तसा अडखळायचा. हे त्याला त्या गोदामात कधी ऐकू आलं नाही.

अल्बम इंटरनेटवर चढवला त्या दिवशी त्याने बायकोला ऐकवला. ती एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. कामावरून येऊन ओटा पुसत होती. पहिलं गाणं संपल्यावर म्हणाली, "छान आहे. ड्रम छान वाजलेत."

"आणि गाणं?"

"गाणंही." आणि पुसून झालेला ओटा तिने पुन्हा पुसायला घेतला.

बँडच्या चाहत्यांपैकी काहींनी ऐकला. एकाने लिहिलं, 'ड्रमर गायला लागला की समजायचं, गायक आजारी आहे.' ते वाचून पुष्कळ लोक हसले. दुसऱ्याने लिहिलं, 'आवाज गादीखालून आल्यासारखा का येतोय?' दणक्याचे कान तापले, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. त्यानंतर कोणीच काही लिहिलं नाही. दिवसातून दहादा तो फोन उघडून पाहायचा. ऐकणाऱ्यांचा आकडा एकाने वाढलेला दिसला की आनंद व्हायचा, मग आठवायचं, मघाशी आपणच ऐकलं.

अशाच एका रिकाम्या दुपारी मेहुणा माल आणायला गेला होता आणि दुकानात चिटपाखरू नव्हतं. दणक्याने फोनवर एक खोटं नाव घेतलं आणि लिहिलं, 'मी निवृत्त संगीतशिक्षक आहे. सुरापेक्षा सच्चेपणा मोठा, हे या गायकाने दाखवून दिलं.' लिहिलं आणि इकडेतिकडे पाहिलं. काहीच झालं नाही. उलट बरं वाटलं. दोन दिवसांनी एका ट्रकवाल्यालाही अल्बम आवडला.

मग आली सिस्टर. तिने लिहिलं, 'मी रात्रपाळीची नर्स आहे. माझ्या वॉर्डात एक आजोबा होते. शेवटचे काही दिवस मी त्यांना "दिवा राहू दे" हे गाणं ऐकवायचे. बोलणं बंद झालं होतं, पण गाणं लागलं की चादरीवर बोटाने ताल धरायचे. गेले त्या पहाटेही ते बोट हलत होतं.'

लिहून झाल्यावर दणक्याने ते वाचलं आणि त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. इतकं चांगलं त्याने आठही गाण्यांत मिळून लिहिलं नव्हतं.

ते पसरलं. लोक सिस्टरचं लिहिणं एकमेकांना पाठवू लागले आणि त्यामागून गाणं ऐकू लागले. एका संध्याकाळी बायको फोन घेऊन धावत आली. "अहो, हे वाचलंत का?" तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि शेवटच्या वाक्याला थांबून डोळे पुसले. दणक्याला स्वतःच्याच ओळी पहिल्यांदा ऐकल्याचं तोंड करून बसावं लागलं. ते त्याला नीट जमलं नाही. बायकोला वाटलं, भारावलेत.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात, दात काढून घ्यायला आलेल्या लोकांना 'दिवा राहू दे' ऐकावं लागू लागलं. मेहुणा गिऱ्हाइकांना सांगू लागला, "आमचे भावोजी कलाकार आहेत बरं का."

तिथे थांबलं असतं तर कदाचित विसरलंही गेलं असतं. पण एका बाईने सिस्टरला उत्तर लिहिलं. तिचे वडील हॉस्पिटलमध्ये होते. 'सिस्टर, मी रोज दुपारी बाबांच्या कानाशी हे गाणं लावते. ते बोट हलवत नाहीत. मी चुकीच्या वेळी लावते का? आवाज किती ठेवू?'

हे वाचताना समोर एक गिऱ्हाईक गादीवर आडवं पडून कुशी बदलून बघत होतं. "जरा कडक आहे हो," ते म्हणालं. दणक्याला ऐकूच गेलं नाही. उत्तर द्यावं की न द्यावं? न देणं त्याला क्रूर वाटलं. म्हणून त्याने सिस्टर होऊन लिहिलं, 'ताई, त्यांना ऐकू जातं. आवाज कमी ठेवा. हात हातात घ्या.' बाईने आभार मानले. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा दोनदा लिहिलं, आणि सिस्टरने दोन्ही वेळा तिला धीर दिला. प्रत्येक वेळी दणक्याला वाटायचं, एवढं एकदाच.

त्याच सुमारास बँडचा मोठा कार्यक्रम होता. संध्याकाळचा, हॉल भरलेला. मध्येच गायकाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं, खिशातून फोन काढला आणि सिस्टरचं लिहिणं माइकवर वाचून दाखवलं. वाचता वाचता तो रडला. मग मागे वळून म्हणाला, "इतकी वर्षं आम्ही या माणसाला मागे बसवलं. चूक माझी आहे. दणक्या, पुढे ये."

दणक्या ड्रमच्या मागे खिळून बसला. बासवाल्याने त्याला दंडाला धरून पुढे आणलं. गायकाने मिठी मारली. लोकांनी फोनचे दिवे लावून वर धरले. आणि दणक्या गायला. वरच्या पट्टीत अडखळला तेव्हा त्याला या खेपेला स्पष्ट ऐकू आलं. पण लोकांना चालत होतं, ते त्या आजोबांच्या बोटासाठी टाळ्या वाजवत होते. नंतर लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायला आले, आणि फोन गायकाने धरला. हसत हसत. त्या हसण्याकडे दणक्याला पाहवेना.

दोन दिवसांनी बाईचा निरोप आला. 'बाबा गेले. सिस्टर, तुम्ही होतात म्हणून मला वाटत राहिलं की त्यांना ऐकू जातंय. एकदा फोनवर बोलाल का? फक्त दोन मिनिटं.'

सिस्टरला आवाज नव्हता. दणक्या गोदामात जाऊन गाद्यांच्या मधल्या फटीत बसला. मेहुण्याने दोन हाका मारल्या, त्याने ओ दिली नाही.

संध्याकाळी बायको कामावरून आली. पर्स खांद्यावरून काढायच्या आत तो म्हणाला, "ती नर्स नाहीये."

"म्हणजे? मग कोण आहे?"

"मी."

बायको पर्स तशीच धरून उभी राहिली. तिने विचारलं, "आणि ते संगीतशिक्षक?"

"तेही मीच."

"अजून कोणी आहे?"

"एक ट्रकवाला आहे. त्याने दोनच ओळी लिहिल्यात."

दुसऱ्या कोणत्याही दिवशी ती हसली असती. "मी दवाखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं ते," ती म्हणाली. "डॉक्टरांच्या आईला वाचून दाखवलं. म्हाताऱ्या बाई रडल्या हो. उद्या मी कोणत्या तोंडाने तिथे जाऊन बसू?"

दणक्याने बाईचा निरोप तिच्यापुढे धरला. तो वाचल्यावर ती खाली बसली. आवाज अगदी खाली आला तिचा. "आधी हिला सांगा. मला नंतर सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

त्याने सांगितलं. स्वतःच्या खऱ्या नावाने, बँकेतल्या नावाने. 'नर्स कोणी नाही. आजोबा कोणी नव्हते. ते मी लिहिलं, माझं गाणं लोकांनी ऐकावं म्हणून. तुमच्या वडिलांना ऐकू जात होतं की नाही, मला माहीत नाही. माफ करा म्हणण्याचंही तोंड नाही.'

बाईचं उत्तर आलं. 'मला सिस्टरशी बोलायचं होतं. तुमच्याशी नाही.'

त्यानंतर तिने काही लिहिलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्या त्याला सोसल्या असत्या, असं तो पुढे म्हणायचा.

मग त्याने तेच सगळ्यांसाठी उघडपणे लिहिलं. त्या दिवसापासून 'मागून' जितका ऐकला गेला तितका आधी कधीच गेला नव्हता. लोक हसायला येत होते. हसणाऱ्यांनी त्याची गाणी लग्नात लावली, त्यावर बोटं हलवून व्हिडिओ काढले. ज्या आकड्यासाठी त्याने हे सगळं केलं, तो आकडा आता रोज हजारोंनी वाढत होता आणि दणक्या फोन उशीखाली सारून ठेवत होता. अल्बम काढून टाकावा असं त्याला रोज वाटायचं. पण काढला की आपण काही केलंच नाही असं होईल, म्हणून त्याने राहू दिला.

तालमीला जाणं सगळ्यात अवघड होतं. गायक त्याच्याकडे न बघता म्हणाला, "मी माझ्या तोंडाने वाचलं ते. रडलो मी, दणक्या."

"माहीत आहे."

"खोटं नव्हतो रडलो."

"ते पण माहीत आहे."

"एक गाणं दे म्हणाला असतास तर दिलं असतं रे मी तुला."

ते बहुधा खरं होतं. प्रत्येक गाण्याआधी काड्या आपटून 'एक, दोन, तीन' द्यायचं काम ड्रमरचं. त्या दिवशी ते गायकाने स्वतःच तोंडाने दिलं, प्रत्येक गाण्याला, आणि पुढे कितीतरी दिवस देत राहिला. बँडमधून त्याला काढलं मात्र नाही. बासवाला त्याला 'सिस्टर' म्हणू लागला. पहिल्यांदा सगळे हसले, नंतर हसायचंही थांबलं आणि नाव राहिलं. मेहुण्याने गिऱ्हाइकांना भावोजींबद्दल सांगायचं बंद केलं.

बायको दवाखान्यात गेली. कोणत्या तोंडाने, ते तिने घरी सांगितलं नाही. बरेच दिवस ती त्याच्याशी भाजी, वीज, पाणी एवढंच बोलायची.

मग एका सुट्टीच्या सकाळी दणक्या वाळलेले कपडे घेऊन खोलीत आला, तर ती पलंगावर बसून कानात इअरफोन घालून काहीतरी ऐकत होती. तो घड्या घालत उभा राहिला. शेवटी तिने इअरफोन काढले.

"आठही ऐकली," ती म्हणाली. "पहिली तीन मला नाही आवडली. ओरडता तुम्ही. 'दिवा राहू दे' तर मला कधीच आवडलं नव्हतं."

त्याचे कान तापले. हातातला टॉवेल तसाच राहिला.

"पाचवं सासूबाईंवर आहे ना? दाराशी उभ्या राहून वाट बघायच्या, ते?"

"हो."

"ते चांगलं आहे. त्यात तुम्ही वर जात नाही, बोलल्यासारखं गाता. पण दुसरं कडवं कशाला घातलंत? पहिल्यात सगळं सांगून झालंय."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत उभे होतात," ती म्हणाली. "असं कोणी उभं राहिलं की खरं बोलवत नाही हो."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. दणक्याने टॉवेलची घडी पुरी केली, पलंगाच्या कडेला बसला आणि पाचवं गाणं लावलं. पुष्कळ दिवसांनी तो आपलं गाणं ऐकत होता. लाज होतीच, मानेपासून कानापर्यंत. तरी त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. दुसरं कडवं खरंच नको होतं.