मधलं काय

माझ्या सासूबाईंना अख्खं हॉस्पिटल पाठीमागे 'मधलं काय' म्हणतं, आणि त्यांना ते ठाऊक आहे. एकतीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून राबल्यावर त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा भुलीच्या डॉक्टरांनी त्यांना आपल्या संशोधनात ओढून घेतलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला तीन प्रश्न विचारायचे, एवढंच काम. झोप लागण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? जाग आल्यावरचं पहिलं काय आठवतं? आणि मधलं काय?

घडीचं स्टूल काखेत मारून त्या येतात, पेशंटच्या डोळ्यांपर्यंत खाली बसतात आणि तिसरा प्रश्न विचारून गप्प होतात. हे गप्प बसणं भयंकर असतं. लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं, नोकरी विचारली आणि म्हणाल्या, मधली दोन वर्षं? मी बऱ्याच पुड्या सोडल्या. त्या नुसत्या बसून राहिल्या. शेवटी दोनदा नापास झालो होतो हे मीच सांगून टाकलं. तरी मुलगी दिली, हा त्यांचा मोठेपणा.

चार वर्षं शेकडो पेशंटनी त्यांना एकच उत्तर दिलं, काही नाही. त्याही दर फॉर्मवर 'काही नाही' असं पूर्ण लिहायच्या. नुसती रेघ मारलेली त्यांना खपत नसे.

मी त्याच हॉस्पिटलात थिएटर टेक्निशियन. भुलीच्या यंत्रावर पेशंटला झोपेत ठेवणाऱ्या औषधाचं एक भांडं असतं. ते भरलेलं आहे ना, हे सकाळी छोट्या काचेतून बघायचं आणि यादीत खूण करायची. त्या मंगळवारी मी खूण केली आणि बघायचं राहिलं. भांडं संपत आलं की यंत्र शिट्टी मारतं, पण ती फार पिरपिरते म्हणून मीच बंद करून ठेवली होती.

टेबलावर पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी एक काकू होत्या, टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेल्या, अंगाने चांगल्या भरलेल्या. काम निम्म्यावर आलं होतं आणि माझी जीभ नेहमीसारखी सैल सुटली. मी म्हणालो, या आत्ता उठून बसल्या तर टेबल मोडेल हो आपलं. सगळे हसले. तेवढ्यात काकूंची नाडी चढली. डॉक्टर वेदनेचं औषध वाढवत होते, तेव्हा माझं काचेकडे लक्ष गेलं. भांडं कोरडं होतं. मी गुपचूप भरलं. चार मिनिटं गेली असतील, फार तर पाच. एवढ्यात काय होतंय, असं मीच मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. त्यांच्या हातात काकूंचा फॉर्म होता. त्यांनी काकूंचे शब्द हळू आवाजात वाचून दाखवले.

"आत काहीतरी ओढत होते. ओरडायचं होतं, ओठ हलेना. निदान बोट हलवून दाखवावं म्हटलं, तेही हलेना. मग एक माणूस म्हणाला, या आत्ता उठून बसल्या तर टेबल मोडेल. मी उठायचाच प्रयत्न करत होते."

अंग ढिलं करणारं औषध वेगळं असतं, ते चालूच होतं. म्हणजे काकू जाग्या होत्या, सगळं सोसत होत्या, आणि मी त्यांच्या डोक्याशी उभा राहून विनोद करत होतो.

सासूबाई सांगत होत्या की सर्जननी त्याला स्वप्न म्हटलंय, काकूंची मुलगी म्हणते विसर, आणि काकू आता येईल त्याला विचारतात, मला वेड तर लागलं नाही ना?

"हे वाक्य कोणाचं, ते मला वाचतानाच कळलं," त्या म्हणाल्या. "यादीत भांडं सकाळी भरलेलं आहे. ऑपरेशन संपल्यावरही भरलेलं होतं. मधलं काय?"

आणि गप्प झाल्या.

नोकरी, बायको, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी सांगितलं. त्यांनी तिथेच, भिंतीवर फॉर्म टेकवून, एकेक शब्द लिहून घेतला.

"आई, माझी नोकरी जाईल."

"जाईल. आणि माझी मुलगी महिनाभर तुमच्याशी बोलायची नाही. चला."

वॉर्डात त्यांनी स्टूल उघडलं आणि त्यावर मला बसवलं. काकू खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"काकू, ते स्वप्न नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी वळून पाहिलं नाही. आयुष्य आवाज ओळखण्यात गेलेलं, बघायची गरजच नव्हती. चादरीवरचा त्यांचा हात मात्र ताठ झाला. मग अंगठा हलला. मग पहिलं बोट, दुसरं, तिसरं. करंगळी हलेपर्यंत त्या थांबल्या.

"आता सांगा," त्या म्हणाल्या.