डावी आत की बाहेर

पिठाच्या गिरणीची दोन घोड्यांची गाडी त्याने एकोणीस वर्षं हाकली. सकाळी पोती भरायची आणि सहा बेकऱ्यांच्या मागच्या दारांत उतरवायची, एवढंच काम. गिरणीच्या कागदांत घोड्यांना नंबर होते. गाडीवानाने त्यांना नावं दिली ती जुंपायच्या जागेवरून. डावीकडची घोडी ती डावी, उजवीकडचा घोडा तो उजवा. यापेक्षा जास्त डोकं त्याने चालवलं नाही आणि घोड्यांचीही त्याबद्दल काही तक्रार नव्हती. पुढे गिरणीने टेंपो घेतला आणि तिघंही एकाच दिवशी निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी गाडीवानाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, शिवाय दोन्ही घोडे. घड्याळ पहिल्याच वर्षी बंद पडलं.

आता डावी सत्तावीस वर्षांची होती. दाढा बहुतेक गेलेल्या, त्यामुळे तिला कोंडा आणि कुटलेलं गवत गरम पाण्यात भिजवून द्यावं लागे. उजवा थंडी सुरू व्हायच्या आधीच गेला. एका सकाळी तबेल्यात आपल्या जागेवर पाय दुमडून बसलेला सापडला आणि मग उठलाच नाही. त्या दिवसापासून गाडीवानाने तबेल्यात पाऊल ठेवलं नव्हतं आणि डावीही रात्री अंगणातच राही. खरारा हवा असला की तो बायकोला हाक मारी. दोरी हवी असली तरी बायकोला. ती कुठे कामात असली तर दोरीवाचून भागवी.

तिला बाहेर ठेवण्याचं हे कारण त्याने कोणालाही सांगितलं नाही. सांगायला त्याच्याकडे दुसरं, जास्त इभ्रतीचं कारण तयार होतं. "म्हाताऱ्या घोड्याला रात्रभर कोंडलं की त्याचे सांधे धरतात," तो म्हणे. "मोकळं राहिलं की चार पावलं चालतं, पाय सुटे राहतात." हे खरंही होतं. खऱ्या कारणाआड लपण्याची सोय काही औरच असते.

थंडी पडायला लागली तशी बायको रोज विचारू लागली. "आज तरी आत घ्यायचं ना तिला?"

"बघू."

"काय बघू? तिच्या बरगड्या मोजता येतात. पंधरा दिवस झाले, तुमचं आपलं तळ्यात-मळ्यात चाललंय."

मेव्हण्याचं मत पडलं की घोडीला स्वेटर घालावा. त्याने आयुष्यात पोपटापलीकडे काही पाळलं नव्हतं आणि तो पोपटही उडून गेला होता.

शेवटी बायकोने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या लेकीच्या वयाच्या होत्या, पण हात जाणता होता. त्यांनी डावीच्या पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवला, मागचे पाय उचलून पाहिले आणि म्हणाल्या, "काका, सांध्यांचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. कोरडी थंडी असेल तर बाहेर राहू द्या, चालेल. पण पाऊस आणि वारा एकदम आला तर आत घ्यायचंच. अंगावर चरबी उरलेली नाही. भिजली, गारठली आणि खाली बसली, तर तिला पुन्हा उठवणं ना तुमच्या हातात, ना माझ्या."

"आणि आत घेऊन पाय धरले तर?"

"धरलेले पाय सकाळी फिरवून मोकळे करता येतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

गाडीवानाने आभाळाकडे पाहिलं. आभाळ कोरडं होतं.

दैवाने त्याला आठ दिवसांची सवलत दिली. थंडी कडाक्याची, पण कोरडी. एका सकाळी बायको धावत आली, डावीच्या पाठीवर पांढरं दव गोठलंय म्हणाली. गाडीवान सावकाश चहा संपवून गेला. पाठीवर खरंच पांढरा थर होता. त्याने त्याखाली केसांत बोटं खुपसली. कातडी भाकरीसारखी उबदार होती. "अंगाची ऊब बाहेर पडत नाही, म्हणून वरचं वितळत नाही," तो म्हणाला. "हात घालून बघ." बायकोने हात घातला आणि तिला ते पटलं. तो दिवसभर जिंकल्यासारखा वागला.

नवव्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला. आला तो आडवाच, वाऱ्याबरोबर. घटकाभरात डावीचे केस अंगाला चिकटले आणि ती आहे त्याहून अर्धी दिसू लागली. शेपूट वाऱ्याकडे करून ती कुंपणाशी उभी होती आणि तिचे मागचे पाय थरथरत होते.

बायको दारात उभी होती. ती काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर गाडीवानाला वाद तरी घालता आला असता.

तो उठला, पोतं डोक्यावर घेतलं, दोरी आज स्वतःच शोधली आणि अंगणात उतरला. डावीच्या गळ्यात दोरी घातली, डाव्या बाजूला उभा राहिला आणि चालू लागला. घोड्याला न्यायचं ते डावीकडून, हा या धंद्यातला पहिला धडा. डावी तबेल्याच्या उंबऱ्यापर्यंत निमूट आली आणि तिथे खुंटासारखी उभी राहिली.

"चल," गाडीवान म्हणाला. ती हलली नाही. त्याने दोरी ओढली, चुचकारलं, मागून थोपटलं. एकदा वळवून पुन्हा आणलं. पुन्हा तेच. आत अंधार होता आणि ओल्या पेंढ्याचा वास होता. त्यालाही आत जायचं नव्हतं, त्यामुळे त्याचा चेहरा तिला कितपत पटत होता कोण जाणे. वाटेल त्या गल्लीत निमूट शिरणाऱ्या जनावराचं घोडं इथे कुठे पेंड खात होतं, ते त्याला कळेना.

तेवढ्यात वाऱ्याने दाराची उजवी फळी धाडकन मिटली. ती उघडी धरायला गाडीवान डावीच्या तोंडापुढून वळसा घालून उजवीकडे गेला आणि खांद्याने फळी रेटून उभा राहिला. डावीने मान थोडी वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग जणू सिग्नल मिळाल्यासारखी सरळ आत चालत गेली. तोही दोरीबरोबर आत ओढला गेला.

ती आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. त्याने अंग पुसलं, पाठीवर जाड कांबळं टाकलं, बायकोने आणून दिलेला गरम कोंडा गव्हाणीत ओतला. डावीने तोंड घातलं. काम झालं म्हणून तो निघाला, तर तिने तोंड बाहेर काढलं आणि त्याच्यामागे वळली. तो परत आला आणि तिच्या डाव्या बाजूला उभा राहिला. ती खाईना. उजवीकडे गेला, तेव्हा खायला लागली.

एवढी वर्षं डावीच्या उजव्या बाजूला कोणीतरी होतं. रस्त्यावर होतं, बेकरीच्या दाराशी होतं, इथेही होतं. इतकं साधं त्याला कळायला दोन महिने लागले होते. आपण कुठे उभे आहोत तेही त्याच्या आत्ताच ध्यानात आलं. मध्ये नुसती एक आडवी फळी, आणि फळीच्या या बाजूची जागा उजव्याची. पायाखालचा पेंढा अजून तोच होता. त्याने फळीवर हात ठेवला आणि तिथेच उभा राहिला.

दाढा नसलेल्या घोडीला खायला वेळ लागतो. अर्ध्या तासाने बायको डोकावली.

"जेवायला येताय ना?"

"तिचं होऊ दे."

"मग ठरलं का? आत की बाहेर?"

"पावसात आत," गाडीवान म्हणाला. "पाय सकाळी फिरवून मोकळे करीन." डावी कोंडा चघळत होती. "उजव्याची फार आठवण येते गं."

"तिला?" बायकोने विचारलं.

"तिलाही," गाडीवान म्हणाला.

बायकोने आत येऊन दार ओढून घेतलं आणि ती त्याच्या शेजारी उभी राहिली.