कोरडी घोडी

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण एक मूर्खपणा असा की तो मी स्वतः फोन लावून, शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात केला. सासरे राहात्याला त्यांच्या लेकीकडे गेले होते. त्यांना मी म्हटलं, "मामा, तुम्ही घोडीची काळजी करूच नका. एवढ्या उन्हाचं जाऊन येते मी तिच्यावर, पण घामाचा थेंब नाही! कुठंही हात फिरवा, कोरडी ठणठणीत."

घोड्यातलं थोडं जरी कळणारं माणूस असतं, तर हे ऐकून अनवाणी पळत सुटलं असतं. वैशाखात चालून आलेल्या जनावराला घाम येत नाही, म्हणजे ते दणकट आहे असं नसतं. आत भट्टी पेटलीय आणि धुराडं बुजलंय, असं असतं. हे मला आज कळतं. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते, सुना यायच्या वयाची. अक्कल मात्र अजून परकरात होती.

त्यात माझं माहेर भिंगारचं. वडील छावणीत सईस, म्हणजे साहेबलोकांच्या घोड्यांची निगा राखणारे. खरारा, तोबरा, लगाम हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले. साहेबाचा एक नियम होता: फिरवून आणलेला घोडा तबेल्यात शिरताना कोरडा पाहिजे. शेवटचं मैलभर वडील त्याला हाताने चालवत, वाऱ्यावर वाळवत आणायचे. घोडा निथळत आत आला की साहेबाची बोलणी. आम्हा पोरींच्या डोक्यात त्यातलं एवढंच बसलं, की कोरडा घोडा चांगला आणि ओला घोडा म्हणजे बापाला शिव्या. वडील त्याला पाणी किती पाजतात, मीठ किती घालतात, सावलीला किती वेळ उभा करतात, हे बघायला मी तबेल्यात थांबले तर ना! मी बंगल्यामागच्या जांभळाखाली, फ्रॉकचा ओचा करून.

पण लग्न होऊन कोल्हारला आले आणि घोड्यातलं कळतं ते मलाच, असा तोरा मिरवायला लागले. "सईसाची लेक आहे मी," हे वाक्य दिवसातून एकदा तरी तोंडातून निघायचंच.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. एके काळी त्यांचा टांगा होता, कोल्हारच्या स्टँडवरून आजूबाजूच्या गावांना जाणारा. रिक्षा आल्या, मग सहा सीटच्या डुगडुग्या आल्या, आणि टांग्याचं एक चाक तेवढं गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिलं. घोडी राहिली. बुटकी, विटकरी रंगाची, पाठीला खळगा पडलेली, विशी उलटलेली, म्हणजे घोड्यांत आजीबाईच. दाढा झिजल्या होत्या. कडबा तोंडात घोळवायची, चोखायची आणि गोळा करून खाली टाकायची. म्हणून मामा तिला कोंडा आणि भरडा भिजवून घालायचे. मामांना मोतीबिंदू, तिला दात नाहीत. दोघं एकमेकांना हातानेच सांभाळून होते. संध्याकाळी ते तिच्या कानामागे हात घालायचे, मग तळवा नाकाशी नेऊन हुंगायचे. मला हसू यायचं. वाटायचं, म्हाताऱ्याचा चाळा.

माझी अंगणवाडी कालव्यापलीकडच्या वस्तीवर, घरापासून तीन किलोमीटर. मोटारसायकल नवऱ्याबरोबर कारखान्यावर जायची. मामांनीच एक दिवस सुचवलं, "तिच्यावर बसत जा की. उभी राहून राहून आखडलीया ती." झालं! पाठीवर गोधडीची घडी, वरून तंगाचा पट्टा आवळलेला, साडीच्या आत नवऱ्याची जुनी पँट, आणि मी. वजनाने मी काही फुलासारखी नव्हते, हेही सांगून टाकते. हापशावरच्या बायका रोज वाट बघत असायच्या.

"आली गं वरात! नवरदेव कुठं सांडला?"

"मागून चालत येतोय," मी म्हणायचे. "त्याला बसायला जागा न्हाई."

त्या हसायच्या, मी मान ताठ करायचे. घोडीच्या मानेकडे माझं लक्ष नसायचं.

वैशाखात मामांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा नंबर राहात्याला लागला. आधी तपासण्या, साखर खाली आणायची, म्हणून लेकीकडे महिनाभर मुक्काम. निघताना पिशवी खांद्याला लावून ते गोठ्यापाशी थांबले. म्हणाले, "सकाळी आठला जायाचं, अकराच्या आत माघारी यायाचं. दुपारचं तिला बाहीर काढायची न्हाई. पान्यात रोज मूठभर खडेमीठ. बाकी तू सईसाची लेक, तुला म्या काय सांगावं?"

सांगायला हवं होतं. पण मी मान अशी काही डोलावली की कोणालाही वाटावं, हिला सांगणं म्हणजे हिचा अपमान.

मीठ मी आठवडाभर घातलं. मग एक दिवस तंग सोडताना बघते तर घोडीचं पोट कोरडं. खाली केस दाबले गेलेत, पण ओल नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, माझा हात लागला आणि म्हातारी सुधारली. आणि घामच येत नाही तर मीठ कशाला, असा हिशेबही मीच केला. ती गोठ्याची भिंत चाटायला लागली, तर मी ओरडले, "ए, खाती काय घर आता?" तिच्या कपाळावरचे केस विरळ झाले, हात फिरवला की कोंड्यासारखं काही तरी गळायचं. सावलीत उभी करून तास झाला तरी भात्यासारखी कूस हलायची. वय झालं, दुसरं काय, असं मी स्वतःलाच समजावलं. एवढं सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि डोळ्यांचं ऑपरेशन करायला मामा गेले होते.

असे पंधरा दिवस गेले आणि मी तो फोन केला.

मामा एवढंच म्हणाले, "बरं. ठेव."

मी शेजारणीला म्हटलं, "बघा, म्हातारा कौतुकानं गप झाला."

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणवाड्या तपासणाऱ्या बाई वस्तीवर यायच्या होत्या. नऊला येणार म्हणाल्या आणि साडेअकराला आल्या. वजनांचं रजिस्टर बघितलं, पोरांची नखं बघितली, खिचडी चाखली. निघताना त्यांना बाभळीखाली बांधलेली घोडी दिसली.

"अय्या! तुम्ही हिच्यावर बसून येता? थांबा, व्हिडिओ काढते. जरा पळवून दाखवा ना."

त्यांचा दोष नाही. त्यांना घोड्यातलं काही कळत नव्हतं आणि तसं त्या म्हणतही नव्हत्या. कळतं म्हणणारी मी होते. सव्वाबारा झालेले, कालव्याचा भराव पांढराफटक तापलेला. मी बसले आणि टाच मारली. ती पळाली. बाई म्हणाल्या, "ऊन समोरून आलं हो, काळं दिसतंय. पुन्हा एकदा, या बाजूनं." मी पुन्हा टाच मारली. ती पुन्हा पळाली. तो सुटलेला दम, ते वय, ते ऊन, आणि तरी सांगितलं म्हणून पळाली.

तो व्हिडिओ अजून आहे. नातीने कुठून तरी मिळवून स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवलाय आणि पाहुणे आले की दाखवते. "आजी, काय भारी दिसतेस! हिरॉईन!" वीस सेकंदांचा आहे. त्यात पदर उडतोय, साडीखालून पँट दिसतेय, आणि मी अशी हसतेय की तोंडात अख्खा लाडू असावा. सगळे माझ्याकडे बघून हसतात. मी खाली बघते. नाकपुड्या फाटल्यासारख्या उघडलेल्या, मान पुढे ताणलेली, आणि अंगावर उन्हाची चकाकीसुद्धा नाही. घामाने भिजलेला घोडा चकाकतो. ती खरखरीत मातीसारखी दिसते. मी नातीला म्हणते, "बंद कर गं, डोळ्यांना त्रास होतो." तिला वाटतं, आजी लाजली.

परतताना कालव्याच्या पुलाजवळ घोडी थांबली. मी "चल, चल" केलं. तिचे मागचे पाय थरथरायला लागले तेव्हा मी खाली उतरले, तेवढी बुद्धी झाली. लगाम धरून चालत निघाले, आणि चालताना माझ्या मनात काय आलं असेल? बरं झालं, शेवटचा टप्पा वडीलही असाच चालवत आणायचे! म्हणजे एवढं होऊनही मी छावणीतच होते. मग सहज तिच्या मानेवर हात ठेवला आणि उचलला. चुलीवरच्या तव्याला लागतो तसा लागला.

अंगणात आली ती पाण्याच्या टाकीकडे गेलीच नाही. लिंबाखाली पुढचे गुडघे टेकले आणि मग हळूहळू सगळीच खाली बसली, कुशीवर कलंडली.

मी बादली आणायला धावले तेवढ्यात फाटकाशी मामा उभे. खांद्याला तीच पिशवी, धोतर धुळीने माखलेलं. दोन दिवसांनी ऑपरेशन, आणि हे इथे! नणंदेचा फोन सकाळपासून नवऱ्याला येत होता, ते मला नंतर कळलं. लेकीला न सांगताच मामांनी पहाटेची पहिली यष्टी धरली होती. पाटी वाचता आली नाही म्हणून उलट्या, कोपरगावच्या गाडीत बसले. तिथे उतरून, विचारत विचारत, दुसरी गाडी, मग स्टँडपासून भर उन्हात चालत. आठच्या आधी पोहोचायचं माणूस दीडला पोहोचलं.

मामा चाचपडत तिच्याजवळ बसले, कानामागे हात घातला, आणि सवयीने तळवा नाकाशी नेला. तळव्याला ना ओल, ना घामाचा वास.

"हिरीचं पानी आन," एवढंच म्हणाले. "आन गोण्या."

विहिरीचं पाणी शेंदून मी ओतत राहिले, ओल्या गोण्या टाकत राहिले. गोणी टाकली की थोड्या वेळाने गरम व्हायची. जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले, लिंबाच्या फांदीला सलाईनच्या बाटल्या टांगल्या. त्यांनी विचारलं, "घाम कधीपासून बंद आहे?"

"पंधरा दिवस."

"आणि तुम्ही बसत होतात?"

सईसाची लेक आहे मी, हे वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडातून निघालं नाही.

पाचच्या सुमाराला ती गेली. भिंतीवर अजून ऊन होतं. तोवर मामा तिच्या डोक्याशी बसून "म्हातारे, ए म्हातारे" असं करत होते. घरात एवढं कोणी कोणाशी हळू बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. ती गेल्यावर ते उठले, हात धुतले, आणि तिचा दाण्याचा तोबरा खुंटीवरून काढून झटकून पुन्हा खुंटीला लावला. संध्याकाळच्या दाण्याची वेळ झाली होती.

सकाळी जेसीबीने बांधाकडेला खड्डा घेतला. जनावर पुरताना मीठ घालतात. नवऱ्याने दोन गोण्या खडेमीठ आणलं. म्हणाला, "तू सर, मी टाकतो." मी सरले नाही. गोणीत हात घालून मुठीमुठीने टाकलं. रोजची एक मूठ माझ्याकडे बाकी होती. मोजून पंधरा मुठी टाकल्या, मग नवऱ्याने गोणी उलटी केली.

मामांच्या ऑपरेशनची तारीख गेली ती गेलीच. पुढचा नंबर दिवाळीनंतर लागला. तोवर डावा डोळा हाताबाहेर गेला होता. उजव्याने त्यांना शेवटपर्यंत थोडंफार दिसायचं.

पण ते नंतरचं. तो उन्हाळा संपेस्तोवर घरात एक नवाच विनोद चालला होता. मामा ऑपरेशनला भिऊन पळून आले, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. नवरा म्हणायचा, "काय आबा, सुरी बघितली आन यष्टीच धरली व्हय?" मामा नुसते हसायचे, व्हय-न्हाई काही नाही. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसायचं? मीच. ते भिऊन आले असतील तर ती त्यांची गोष्ट होती. माझ्या फोनचा त्यात काही संबंध उरत नव्हता. मी त्या विनोदाला अगदी धरून बसले, एखाद्याने छत्री धरावी तशी.

महिनाभर हसून झालं. मग एका दुपारी मी गोठा झाडत होते. ती जिथे चाटायची तिथे भिंतीला वीतभर खळगा पडलेला दिसला, गुळगुळीत झालेला. मामा दाराशी बाजेवर बसले होते, मांडीवर तोबरा घेऊन त्याचा फाटलेला काठ चाचपून शिवत. कोणासाठी शिवत होते कोण जाणे. मी झाडू खाली ठेवला. म्हटलं, "मामा, खरं सांगा. तुम्ही त्या दिवशी ऑपरेशन टाकून कशाला आलात?"

त्यांनी सुई तोबऱ्यात खोचून ठेवली. माझा आवाज जिकडून आला तिकडे तोंड केलं आणि म्हणाले,

"फोनवरच कळालं हुतं मला, पोरी. पर तू इतकी खुशीत बोलत हुतीस. म्हनलं, आत्ता कशाला. सकाळच्या पहिल्या यष्टीनं जाऊ आन समोर बसून सांगू."